वाट आणि मुक्काम : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील धीराचा रूपबंध

१

श्रद्धा माणसाला संकटातून तारते, हे विधान धर्मोपदेशात सहज करता येते. आत्मकथनात ते तितके सहज राहत नाही. उपदेशकाला संकटाचा आरंभ आणि त्याचा परिहार एवढी दोनच टोके सांगून भागते. आत्मकथन लिहिणाऱ्याला मात्र या दोन टोकांमधले दिवस सांगावे लागतात. त्या दिवसांत स्वयंपाक असतो, उसनवारी असते, आजारपण असते, आप्तांचे अबोले असतात. श्रद्धेची कसोटी या मधल्या दिवसांत लागते आणि आत्मकथनाच्या रूपाची कसोटीही तेथेच लागते.

मराठीत ही कसोटी ज्यांनी दिली त्यांतील तीन संहिता येथे विचारासाठी घेतल्या आहेत. बाबा पदमनजी यांचा ‘अरुणोदय’ (१८८४), पंडिता रमाबाईंची १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेली आणि पुढे मराठीतही आलेली साक्ष, आणि लक्ष्मीबाई टिळकांची १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ या त्या संहिता होत. आपल्या वाङ्मयेतिहासाने त्यांची वाटणी तीन वेगवेगळ्या कप्प्यांत केलेली आहे. ‘अरुणोदय’ मिशनरी वाङ्मयात गेला, रमाबाई स्त्रीसुधारणेच्या इतिहासात गेल्या आणि ‘स्मृतिचित्रे’ ललित गद्याचा मानबिंदू ठरली. या वाटणीमुळे पहिल्या पुस्तकातील वाङ्मय दिसेनासे झाले आणि तिसऱ्यातील श्रद्धा. तिन्ही संहिता एका रांगेत ठेवल्या तर अर्धशतकात घडलेले एक रूपांतर स्पष्ट होते. संकटावर मात करणे म्हणजे वाट चालत राहणे, या कल्पनेकडून संकटाखाली टिकून राहणे या कल्पनेकडे ही संवेदना सरकत गेली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

वाटेची कल्पना मराठीत कोठून आली, हा प्रश्न आधी घ्यावा लागतो. यात्रा मराठी मनाला नवी नव्हती. वारीची परंपरा शतकांची होती आणि संतवाङ्मयात पंढरीची वाट सर्वत्र आहे. पण वारकरी दरवर्षी जातो आणि दरवर्षी घरी परततो. त्याची वाट संसाराला छेदत नाही, संसाराच्या मध्यातून वर्तुळाकार फिरते. एकदाच निघायचे आणि परतायचे नाही, अशी वाट मराठी गद्यात रूढ करण्यात एका भाषांतराचा वाटा मोठा आहे. हरि केशवजी यांनी जॉन बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चे ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठी रूप १८४१ साली सिद्ध केले. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ त्याच्या पुढच्याच वर्षी, १८४२ साली, अहमदनगर येथे सुरू झाले. मराठी ख्रिस्ती गद्याच्या घडणीचा हा काळ होय.

बन्यनचा नायक पाठीवर ओझे घेऊन विनाशनगरातून निघतो. बायकामुले त्याला परत बोलावतात, तेव्हा तो कानांत बोटे घालून पळत सुटतो. पुढे दलदल लागते, चढ लागतो, नैराश्य नावाच्या राक्षसाच्या किल्ल्यात तो कोंडला जातो आणि अखेर नदी ओलांडून स्वर्गीय नगरात पोहोचतो. या रचनेची तीन गृहीते ध्यानात घेण्याजोगी आहेत. संकटे वाटेवर, म्हणजे माणसाच्या बाहेर मांडलेली असतात. ती एकामागून एक येतात आणि ओलांडली की मागे पडतात. आणि मुख्य म्हणजे चालणारा एकटा असतो. मागे राहिलेल्या स्त्रीची कथा बन्यनने सहा वर्षांनी, १६८४ साली, दुसऱ्या भागात सांगितली. तीही पतीच्या पावलांवर पाऊल ठेवून निघालेल्या यात्रेच्या स्वरूपात. घरी राहण्याच्या काळाला या रूपकात जागा नाही, कारण घर हे विनाशनगरातच आहे.

बन्यनने हे पुस्तक हवेतून रचलेले नव्हते. परवान्यावाचून उपदेश केल्याबद्दल तो १६६० पासून सुमारे बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात होता. ज्याला चालण्याची मुभा नव्हती त्याने चालण्याचे महारूपक रचले, हा वाङ्मयातील एक अर्थपूर्ण विरोध आहे. मराठी ख्रिस्ती लेखकांपुढचा प्रश्न याच्या उलट होता. त्यांच्यापाशी रूपक तयार होते. जगणे मात्र त्यात मावत नव्हते.

३

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ साली बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनी आलेल्या ‘यमुनापर्यटन’ या त्यांच्या कादंबरीच्या नावातच प्रवास आहे. यमुना पतीसह प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहते आणि अखेर स्वतःच वैधव्याला सामोरी जाते. येथे बन्यनच्या वाटेत एक महत्त्वाचा बदल झालेला दिसतो. यमुनेच्या वाटेवरचे अडथळे रूपकात्मक राक्षसांचे नाहीत. ते केशवपनाचे आहेत, घरातील कोंडीचे आहेत. संकटाला समाजशास्त्रीय चेहरा मिळाला आहे.

‘अरुणोदया’त मात्र पदमनजी पुन्हा आतल्या वाटेकडे वळतात. संस्कार, वाचन, शंका, वाद, मित्रांच्या सभा, पुन्हा शंका, अशा क्रमाने निवेदन पुढे सरकते. पुस्तकाचे नावच त्याचा रूपबंध सांगते. अंधार आहे, मग फटफटते, मग सूर्य उगवतो. निवेदकाची चिकाटी ही सत्यशोधकाची चिकाटी आहे. तो एखादा प्रश्न अर्ध्यावर सोडत नाही. मराठी गद्याला आत्मपरीक्षणाची ही शिस्त लावण्याचे श्रेय पदमनजींना दिले पाहिजे. पण निवेदनाचा भार बाप्तिस्म्यापर्यंतच्या वाटचालीवर पडल्यामुळे एक प्रश्न अनुत्तरित राहतो. सूर्य उगवल्यानंतरच्या दिवसाचे काय?

हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. एकोणिसाव्या शतकातील सवर्ण धर्मांतरिताच्या दृष्टीने बाप्तिस्मा हा अडचणींचा शेवट नसून आरंभ होता. जात गेली की पंगत गेली, विहीर गेली, मुलाबाळांच्या सोयरिकी गेल्या. १८५० च्या २१ व्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क राखला. पण वडिलोपार्जित घराचा वाटा मिळाला तरी त्या घरात पाण्याचा तांब्या मिळेल याची हमी कायदा देऊ शकत नव्हता. १८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाच्या कायद्याने, जोडीदार धर्मांतराच्या कारणावरून सहजीवन नाकारत असेल तर न्यायालयामार्फत विवाह संपविण्याची वाट मोकळी केली. म्हणजे कायद्यालाही बन्यनप्रमाणेच दोन शक्यता ठाऊक होत्या : मागे राहिलेले माणूस एक तर सोबत येईल, नाही तर तुटेल. तिसरी शक्यता, म्हणजे थांबणे, ही ना कायद्यात होती ना रूपकात.

४

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बाबतीत वाटेचे रूपक अधिकच अडचणीचे ठरते, कारण त्यांनी ते अक्षरशः जगून संपविले होते. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरत असे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात गाठीचे सर्व काही दानधर्मात आणि व्रतांत संपल्यावर वडील, मग आई, मग बहीण असे एकेक माणूस उपासमारीने गेले. अंगमेहनतीची मजुरी करणे कुळाच्या अभिमानाला रुचत नव्हते, हेही रमाबाईंनी आपल्या साक्षीत लपविलेले नाही. उरलेल्या दोघा भावंडांनी हजारो मैल पायी तुडविले आणि १८७८ साली कलकत्ता गाठले. १८८० साली भाऊ श्रीनिवास वारला, १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. तेव्हा रमाबाईंचे वय चोवीस वर्षांचेही नव्हते आणि पदरी लहान मुलगी होती.

ज्या स्त्रीने यात्रेच्या वाटेवर माणसे पुरली, तिच्या लेखनात यात्रा हे मुक्तीचे रूपक कसे होणार? रमाबाईंच्या साक्षीची रचना म्हणूनच लक्षणीय आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण साक्षीत तो कळसाध्याय होत नाही. आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाची कबुली त्या देतात आणि खरी निश्चिती सुमारे आठ वर्षांनंतरची मानतात. साक्ष या वाङ्मयप्रकाराचा संकेत असा की, ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ यांना विभागणारा एकच क्षण असावा. रमाबाईंनी तो क्षण दुभंगला आणि मध्ये आठ वर्षांचे अंतर सोडले.

या अंतरात काय होते? एकीकडे वाँटेजच्या धर्मभगिनींशी झालेला पत्रव्यवहार होता. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाने तो ग्रंथरूपात उपलब्ध झाला, तेव्हा रमाबाईंची अनुयायिनी ही प्रतिमा पार बदलली. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे विचारणारी. चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण न टाकणारी स्त्री तेथे दिसते. दुसरीकडे १८८९ साली मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात हलविलेले शारदासदन होते. सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो या आरोपावरून १८९३ साली न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, पालकांनी मुली काढून नेल्या. म्हणजे एका बाजूला चर्चला त्या पुरेशा आज्ञाधारक वाटत नव्हत्या आणि दुसऱ्या बाजूला पुण्याला त्या अतिरिक्त ख्रिस्ती वाटत होत्या.

या दुहेरी कोंडीला रमाबाईंनी दिलेले उत्तर वाङ्मयीन नव्हते. ते एका ठिकाणाचे होते. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो स्त्रिया आणि मुली आणल्या आणि केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. ज्या दुष्काळाने त्यांचे घर वाटेवर संपविले, त्याच जातीच्या दुष्काळातून उचललेल्यांसाठी त्यांनी वाट संपेल अशी जागा बांधली. उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातील बाईला समजेल अशा मराठीत बायबलचा अनुवाद हाती घेतला. ते काम वर्षानुवर्षे चालले. १९२१ साली मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. अनुवाद त्यापूर्वी पुरा झाला होता आणि ग्रंथ १९२४ साली, केडगावच्या छापखान्यातून, तेथल्या स्त्रियांच्या हातून बाहेर पडला. रमाबाईंच्या चिकाटीचे मोजमाप मैलांत करायचे की छापलेल्या फर्म्यांत, असा प्रश्न केल्यास दुसरा पर्याय अधिक समर्पक वाटतो.

नव्या करारात संकटकाळातील स्थैर्यासाठी जो ग्रीक शब्द वारंवार येतो, तो ‘हुपोमोनी’. त्याची व्युत्पत्ती ‘खाली टिकून राहणे’ अशी आहे. पुढे जाणे हा त्याचा मूळ अर्थ नाही. मराठी बायबलाच्या परंपरेत त्यासाठी ‘धीर’ हा शब्द रुळला. या शब्दाला मराठीने दिलेली क्रियापदे पाहण्याजोगी आहेत. धीर धरतात आणि धीर सुटतो. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे धीर देतात. चिकाटी कोणी कोणाला देऊ शकत नाही. धीर मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातो. या शब्दाने मराठी ख्रिस्ती संवेदनेला एक सामाजिक शक्यता दिली. ती शक्यता पूर्णपणे वापरली गेली ती ‘स्मृतिचित्रां’त.

५

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने हाती दिलेल्या नव्या करारापासून सुरू झालेली ही वाट तुकोबांच्या आधाराने ख्रिस्तापर्यंत गेली, असे टिळक स्वतः मानत. टिळकांची कथा वाटेच्या रूपकात सहज बसते. लक्ष्मीबाईंची बसत नाही. त्या या वाटेवर निघालेल्या नव्हत्या. मागे राहिल्या होत्या. पुढची सुमारे पाच वर्षे, मुलाला घेऊन, पंढरपुरात आणि अन्यत्र आप्तांच्या आधाराने त्यांनी काढली. टिळकांनी विवाहविच्छेदाची वाट धरली नाही, लक्ष्मीबाईंनीही धर्म सोडला नाही. पुढे एकत्र आल्यावरही काही काळ त्यांचे सोवळे वेगळे राहिले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बन्यनच्या दुसऱ्या भागातील स्त्री पतीमागे निघते, पण तिची कथा सांगणारा पुरुष आहे. ‘स्मृतिचित्रां’चे ऐतिहासिक महत्त्व असे की, येथे मागे राहिलेल्या स्त्रीच्या हाती लेखणी आली. तीही जवळजवळ अपघाताने. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून काढायला सांगितले. चरित्राची सामग्री म्हणून सुरू झालेले लेखन स्वतंत्र आत्मकथन झाले. टिळक त्याचा विषय राहिले, केंद्र राहिले नाहीत.

या पुस्तकात पाण्याला असलेले स्थान समीक्षेने पुरेसे लक्षात घेतलेले नाही. आरंभीच लक्ष्मीबाईंचे वडील येतात. १८५७ च्या धामधुमीत एका वडीलधाऱ्या आप्ताला फाशी झाल्याच्या धक्क्यानंतर त्यांना सोवळ्याने पछाडले होते; बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याखेरीज घरात येत नसे. भयाने जन्माला घातलेली ही शुद्धी आहे आणि तिचे ओझे वाहतात घरातील बायकामुले. पुढे राहुरीच्या मुक्कामात विचार करता करता जात देवाने नव्हे, माणसाने केली, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई येतात आणि कोणाच्याही हातचे पाणी घेण्याचा निश्चय करतात. ख्रिस्तावरील श्रद्धेचा उच्चार यानंतर येतो. मतपरिवर्तनाच्या रूढ आख्यानात आधी दर्शन आणि मग आचार असतो. येथे आधी पाणी आहे आणि मग देव. दैवी प्रकाशाचे वर्णन नाही. तहान आणि तांब्या आहे. ‘अरुणोदया’तील सूर्योदयाला ‘स्मृतिचित्रां’नी दिलेले हे प्रत्युत्तर मानता येईल, मग लेखिकेच्या मनात तसे असो वा नसो.

दुसरी गोष्ट श्रेयाची. वियोगाच्या पाच वर्षांत लक्ष्मीबाईंना कोणी तारले? साक्षीचा संकेत असा की, मागे वळून पाहताना त्या काळातही ईश्वराचा अदृश्य हात दाखवावा. लक्ष्मीबाई हे जवळजवळ करीत नाहीत. त्या काळात आपण ख्रिस्ती नव्हतो, हे त्या विसरत नाहीत. त्यांना धीर दिला तो नणंदेने, दिराने, शेजाऱ्यांनी, सोवळ्यातल्या माणसांनी. आणि ज्यांनी त्रास दिला त्यांतही सोवळ्यातलीच माणसे होती. ज्या धर्मातून त्या बाहेर पडल्या, त्या धर्मातील माणसांचे ऋण त्या नव्या धर्माच्या खाती मांडत नाहीत. श्रद्धेचा हा प्रामाणिकपणा मराठी आत्मकथनात दुर्मिळ आहे.

तिसरी गोष्ट विनोदाची. ‘स्मृतिचित्रां’च्या विनोदाला निर्मळ, प्रसन्न अशी विशेषणे लावून आपण तो स्वभावाच्या खाती जमा करतो. त्याचे निवेदनातील कार्य पाहिले तर तो धीराचाच एक आकार आहे असे दिसते. टिळकांची भटकंती, त्यांचा राग, घरात दमडी नसताना केलेले औदार्य, या साऱ्यांत छळाची कथा होण्याची पुरेपूर सामग्री आहे. लक्ष्मीबाई ती छळाची कथा होऊ देत नाहीत आणि आदर्श पतिव्रतेची कथाही होऊ देत नाहीत. हसण्यामुळे निवेदक प्रसंगाच्या खालीही राहतो आणि बाहेरही. ‘खाली टिकून राहणे’ या क्रियेला मिळालेली ही शैली आहे. १९१९ साली टिळक गेल्यावर पुढे कराचीपर्यंत गेलेल्या आयुष्याची कथाही याच सुरात चालते. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा चौथा भाग अपुरा होता. तो देवदत्तांनी पुरा केला. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले आणि लक्ष्मीबाईंचे अपुरे आत्मकथन त्यांच्या मुलाने. एकट्याने वाट संपविण्याची कल्पना या घरात फारशी रुजली नाही.

६

या मांडणीवर दोन आक्षेप घेता येतील आणि ते घेतलेच पाहिजेत. पहिला असा की, लक्ष्मीबाईंचा धीर हा निवडलेला नव्हता, लादलेला होता. निर्णय टिळकांनी घेतला आणि किंमत पत्नीने मोजली. सहनशीलतेचा गौरव करताना ज्याने ती सहन करायला लावली त्याला आपण सोडून देतो, हा स्त्रीवादी समीक्षेचा इशारा येथे अगदी योग्य आहे. त्याला उत्तर संहितेतच शोधावे लागते. लक्ष्मीबाई आपल्या हालांचे समर्थन कोठेही ईश्वरी योजना म्हणून करीत नाहीत. टिळकांच्या निर्णयातील एकतर्फीपणा त्या लिहून ठेवतात. धीर आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या लेखनाने जितके स्पष्ट केले तितके आपल्या समीक्षेने अद्याप केलेले नाही. रमाबाईंचे उदाहरणही हेच सांगते. टिकून राहणे म्हणजे मान तुकविणे, असा अर्थ त्यांच्या पत्रांतून निघूच शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. येथे विचारात घेतलेल्या तिघांपैकी दोघी ब्राह्मण घरांतल्या, तिसरे कासार समाजातले आणि इंग्रजी शिकलेले. अहमदनगर जिल्ह्यातील मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्य असलेल्या महार आणि मांग ख्रिस्ती लोकांचे आत्मकथन या रांगेत नाही. जातीने टाकणे हे त्यांच्यावरील नवे संकट नव्हते. विहीर त्यांना आधीपासूनच बंद होती. ज्या पाण्याच्या तांब्याभोवती सवर्ण धर्मांतरिताचे आख्यान उभे राहते, तो तांब्या त्यांच्या कथेत कधी नव्हताच. १८५५ साली ‘ज्ञानोदया’ने फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापला. ती ख्रिस्ती नव्हती, पण आपल्याला धर्म कोणता, हा तिचा प्रश्न त्या पत्राच्या पानांवर उमटला. त्या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी बाप्तिस्म्यात शोधले, त्यांचा धीर कोणत्या रूपात शिल्लक आहे? मंडळ्यांच्या नोंदवह्यांत नावे आहेत, मिशनऱ्यांच्या पत्रांत त्यांच्याविषयीची वाक्ये आहेत, आणि खेडोपाडी गाइली गेलेली भजने आहेत. ‘मी’ मात्र क्वचितच आहे.

म्हणून श्रद्धा आणि धीर यांचा मराठी इतिहास केवळ आत्मकथनांच्या आधारे पुरा होणार नाही. आत्मकथन ज्याला लिहिता येते, त्याच्यापाशी निदान अक्षर, कागद आणि ऐकणारे कोणी तरी असते. ज्यांच्यापाशी हे नव्हते त्यांनी धीर गाण्यात ठेवला, आणि ते गाणे पुष्कळदा दुसऱ्याने रचलेले असे. टिळकांची भजने आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत गायिली जातात. ती कोणी, कोणत्या गावी, कोणत्या दुष्काळात, कोणत्या मयताच्या रात्री म्हटली, याची चौकशी साहित्याच्या अभ्यासकाने अजून करावयाची आहे. रचनाकाराचे चरित्र आपल्याला माहीत आहे. गाणाऱ्यांचे चरित्र हा या अभ्यासाचा पुढचा मुक्काम ठरावा.